अब्रॉडचं स्थळ

शिरूरच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांत एका शब्दाच्या आधी बसलेलं ‘इन’ नाहीतर ‘टू’ खोडत आले. ‘माय अंकल लिव्ह्ज इन अब्रॉड.’ ‘शी वेंट टू अब्रॉड.’ फळ्यावर लिहून दाखवलं, मोठ्यानं म्हणून घेतलं, की बाळांनो, अब्रॉड हे गावाचं नाव नाही, त्याच्या आधी काही लागत नाही, नुसतं ‘वेंट अब्रॉड’ म्हणा. मुलं माना डोलवायची आणि पुढच्या चाचणीत पुन्हा ‘इन अब्रॉड’. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. त्यांच्या घरी ते गावाचंच नाव होतं. पुणं, मुंबई आणि अब्रॉड. मराठीत तर आपण त्याला सगळे प्रत्यय जोडून टाकलेत. अब्रॉडला, अब्रॉडमधी, अब्रॉडहून, अब्रॉडचा. आता एसटी स्टँडसमोर मोठा फलक लागलाय, त्यावर विमान, काळी टोपी घातलेली हसरी मुलगी आणि तिच्या डोक्यावर हाच शब्द. स्थळं सुचवायला येणाऱ्या बायका ‘मुलगा अब्रॉड सेटल्ड’ एवढं सांगतात आणि पाणी पिऊन घेतात, कारण त्यापुढं कोणी काही विचारत नाही हे त्यांना पाठ आहे. इकडं कारखान्यांच्या पट्ट्यात देशाच्या दुसऱ्या टोकाची पोरं दाटीवाटीनं एकेका खोलीत राहतात, रविवारी गावाकडं फोन लावून डोळे पुसतात. तीही घरदार सोडूनच आलीत. पण त्यांना कोणी अब्रॉडवाले म्हणत नाही. त्यांना ‘ते भय्ये’ म्हणतात.

सून मला विचारते, की आई, साध्या एका शब्दाचा तुम्हाला एवढा तिटकारा का? तिला नीट सांगायचं तर दौंडच्या घरापर्यंत जावं लागतं.

आमचं घर रेल्वेच्या हद्दीला लागून होतं, हद्दीत नव्हतं. वडील, म्हणजे आप्पा, लोकोशेडमध्ये फिटर होते, पण क्वार्टर मिळाली नव्हती, म्हणून रुळांच्या अलीकडं दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी असं भाड्याचं बिऱ्हाड. इंजिनं वाफेची होती. शंटिंग सुरू झालं की फळीवरची पितळेची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची आणि आई चुलीपुढून नुसता हात वर करून ती थोपवायची, न बघता. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, त्यामुळे आमच्या घरात पांढरं असं काही नव्हतंच. जे होतं ते राखी. आप्पा शेडमधून आले की आधी पडवीत बसून माती आणि रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग आत यायचे. बोलणं कमी. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थंडीत हुलग्याची शेंगोळी. शेंगोळी शिजत असली की वास रुळांपलीकडं जायचा, आणि आप्पांच्या सोबतीचे दोघेतिघे काहीतरी निमित्त काढून पडवीत येऊन बसायचे. आई काही न बोलता वाट्या भरायची.

पण घर आमचं असलं तरी त्यातले निर्णय आमचे नव्हते. ते कवठे येमाईहून यायचे. तिथं आप्पांचे थोरले भाऊ होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांची विहीर बागायती, वांगी, कांदा, कडेला झेंडू. एसटीनं वांग्यांची पाटी घेऊन उतरायचे, पडवीतल्या एकमेव खुर्चीवर बसायचे, आणि कोणाचं काय करायचं ते सांगून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. आप्पा त्यांच्यापुढं उभे राहायचे. शेडमध्ये अख्खं इंजिन उघडून बसवणारा माणूस थोरल्या भावापुढं टोपी काढून उभा राहायचा, आणि आबांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. आबा वाईट नव्हते. त्यांना फक्त एकाच गोष्टीची भूक होती, चार माणसांत आपलं नाव निघावं याची, आणि ती भूक वांग्यांनी भागत नव्हती.

आम्ही दोघी बहिणी. मंदाक्का मोठी, मी धाकटी. मॅट्रिकला बसायच्या आधी आमचं इंग्रजी सुधारावं म्हणून आप्पांनी आम्हाला रुळांपलीकडं मिस डॉरिनकडं लावलं. दौंडच्या जुन्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती, त्यांतलीच ही एक. रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं हिंदी, मराठी, इंग्रजी यांचं भरीत. तिची सगळी भावंडं बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. ती राहिली. का राहिली ते तिनं कधी सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, “वॉज युवर फादर अब्रॉड दिस मॉर्निंग?” मी म्हटलं, नो मिस, ही इज इन लोकोशेड. ती हसून खोकली. “अगं, मी त्याला रस्त्यावर बघितला ना. सुबह पाच बजे. म्हणून विचारते, एवढ्या लवकर अब्रॉड कसा?”

मग तिनं सांगितलं, की तिच्या आजीच्या वेळी या शब्दाचा अर्थ एवढाच होता, घराबाहेर. उंबरा ओलांडला की माणूस अब्रॉड. पहाटे कोणी अब्रॉड नसतं, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बातमी अब्रॉड झाली, म्हणजे फुटली, सगळीकडं पसरली. समुद्रापलीकडचा अर्थ त्यात होताच, पण एका कोपऱ्यात. “आता लोकांनी बाकीचं सगळं फेकून दिलं,” ती म्हणाली, “आणि तेवढंच ठेवलं. फॅशन.” फॅशन हा शब्द ती असा उच्चारायची की पायाखाली काहीतरी चिरडल्यासारखं वाटायचं. तिरस्कार करावा कसा, हे मी इंग्रजीच्या आधी तिच्याकडून शिकले.

मंदाक्काचं इंग्रजी माझ्याहून बरं होतं आणि हात फार हलका. आप्पांच्या तळव्यात लोखंडाची बारीक कूस गेली की तीच काढायची, त्यांना कळायच्या आत. मिस डॉरिननं ते एकदा बघितलं आणि नर्सिंगचं डोक्यात घातलं. मॅट्रिक झाल्यावर मंदाक्का पुण्याला मुलाखत देऊन आली, निवड झाली, राहणं हॉस्टेलवर. आप्पा खूश झाले, म्हणजे त्या दिवशी त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं. मग आबा आले.

“पोरगी पुण्याला राहनार? कुठं?”

“हॉस्टेलात,” आप्पा म्हणाले.

“म्हंजी बाहेर.”

आमच्याकडं ‘बाहेर’ हा शब्द कसा वापरतात हे सांगायला हवं. बाई ‘बाहेर बसली’ म्हणजे शिवायचं नाही. कोणाला ‘बाहेरचं झालं’ म्हणजे लिंबू उतरवायचं. कोणाचं ‘बाहेर आहे’ म्हणजे त्याच्या बायकोपुढं तो विषय काढायचा नाही. आणि पोरगी ‘बाहेर राहते’ म्हणजे तिला स्थळ येत नाही. आबांनी तो शब्द उच्चारला आणि विषय संपला. आप्पांनी मान खाली घातली. मंदाक्का आत येऊन चुलीतली लाकडं मागं ओढू लागली, आच काही जास्त नव्हती तरी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबांनी स्थळ आणलं. शिरूरचं. मुलाच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, नाव सदाशिवराव. मुलगा दत्तात्रय. आबा एसटीतून उतरले ते वांग्यांशिवाय, त्यावरूनच आईनं ओळखलं की काहीतरी मोठं आहे. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, “पोरगा अब्रॉड असतो.”

“म्हंजी कुठं?” आप्पांनी विचारलं.

“अब्रॉड म्हंजी अब्रॉड. आखातात. आता गावं काय इचारायची त्यातली.”

“काम काय करतो?”

“कंपनीत हाय. मोठ्या.” आबा चिडले. “तुज्या शेडात हात काळं करनाऱ्याला काय सांगायचं? पोरगी इमानात बसंल.”

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि मला ते ऐकून अगदी स्पष्ट कळलं, की ही काय गंमत आहे. पोरगी चौफुल्यावरून एसटी बदलून पुण्याला गेली तर ती बाहेर. आणि पोरगा समुद्र ओलांडून कुठल्याशा वाळवंटात गेला तर तो अब्रॉड. अर्थ एकच, पण एकाला मान खाली घालायची आणि दुसऱ्याला खुर्ची द्यायची. हे मी मंदाक्काला म्हटलं. ती म्हणाली, “गप. आप्पांना ऐकू जाईल.”

बघायला ते शिरूरहून आले तेव्हा आमच्या घराची जी काही शोभा झाली ती मला आजही आठवली की लाज वाटते, आमची नव्हे, आबांची. आमच्या भागात मोठ्या पाहुण्याला मासवडी आणि रस्सा. आईची मासवडी अशी होत असे की सारण कुठं संपतं आणि बेसन कुठं सुरू होतं ते कळू नये. आबांनी ती बंद केली. गावठी दिसतं म्हणाले. अब्रॉडच्या माणसांना कस्टर्ड पाहिजे. आईनं कस्टर्ड कधी बघितलं नव्हतं. मिस डॉरिनला विचारून मी ते केलं, त्याच्या गुठळ्या झाल्या, आणि सदाशिवरावांनी ते चमच्यानं ढवळत, “व्हय, व्हय, दत्ताबी तिकडं असंच खातो,” असं म्हणून तसंच ठेवलं. खुर्च्या शेजारून आणल्या होत्या. भिंतीवर विमानाचं चित्र असलेलं कॅलेंडर आबांनी कुठून पैदा केलं देव जाणे. सदाशिवराव जे बोलायचे त्याच्या दुप्पट आबा बोलायचे. पोरगी तिकडं जानार, हिला इंग्रजी येतंच, म्हंजी बरंच झालं, तिकडं मोटार चालवतात बायका, तिकडं धूळ नसते. वाळवंटात धूळ नसते. सदाशिवराव नुसती मान हलवत होते. ती मान मला पुढं पुष्कळदा आठवली.

मुलगा अर्थातच तिथं नव्हता, आणि साखरपुड्यालाही नव्हता. सुट्टी नाही म्हणाले. पण सदाशिवरावांनी त्यावर तोड काढली होती. त्यांनी दत्तात्रयनं पाठवलेला टेपरेकॉर्डर आणला, चंदेरी, दोन स्पीकरचा. तो नवऱ्याच्या खुर्चीवर, पाटावर देव ठेवावा तसा ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, वर शेला पांघरला. गुरुजींनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा आबांकडं बघितलं, पण दक्षिणा घ्यायची होती, म्हणून मंत्र म्हटले. मग सदाशिवरावांनी बटण दाबलं. खरखर झाली आणि एक सावकाश, शरमिंदा आवाज आला. “सगळ्यांना नमस्कार. मी इथं बरा हाय. काळजी करू नका. आईला सांगा, गुडघ्याला तेल लाव.” मागं कुठलंतरी यंत्र धडधडत होतं आणि मधूनच फुस्स करून वाफ सुटल्यासारखं व्हायचं. बायका कान देऊन ऐकत होत्या. माझी चुलती हात जोडून म्हणाली, “अब्रॉडचा आवाज.” मंदाक्का त्या टेपरेकॉर्डरशेजारी नव्या साडीत बसली होती. तिनं डोळे वर केले नाहीत. सदाशिवरावांच्या बायकोनं तिच्या बोटात अंगठी घातली, आणि टेप संपून खट्कन बटण वर आलं.

पुढचा सगळा काळ मंदाक्का वाट बघत होती, म्हणजे घरात बसून होती. नर्सिंगची जागा गेली. आबांनी सांगितलं होतं, अब्रॉड जानाऱ्या पोरीला नोकरीची काय गरज. नळावर बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या. गल्लीतल्या पोरी तिला विचारायच्या, की तिकडं दिवस असतो तेव्हा इकडं रात्र असते का गं. कधी न येणारे नातेवाईक आले, जेवले, आणि जाताना आपापल्या पोरांसाठी दत्तात्रयकडं शब्द टाकायला सांगून गेले. आबा कवठ्याला देवीच्या जत्रेत पुतणीचं नाव घेऊन असे हिंडले, की दुसऱ्या कोणाची पोरगी त्या वर्षी उजवलीच नसावी. मंदाक्का संध्याकाळी पडवीत बसून गाड्या बघायची. हातांना काम नव्हतं. शेडमधलं कोणी हात कापून आलं की ती धावायची, चिंधी बांधून द्यायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायची. मिस डॉरिन एकदा तिला रस्त्यात भेटली. “किधर जाणार तू? कोणत्या शहरात?” मंदाक्काला शहर माहीत नव्हतं. मिस डॉरिननं तोंड असं केलं की जणू दुधात माशी. “पूछो,” ती म्हणाली. “तुला तोंड आहे ना? विचार.”

मग दत्तात्रय आला. सुट्टीवर, लग्नाची तारीख काढायला. सदाशिवराव त्याला घेऊन दुपारी आमच्याकडं आले, आबा आदल्या दिवशीच येऊन बसले होते. मी खिडकीतून बघितलं. गॉगल, सोन्याची साखळी असं काहीतरी मनात धरलं होतं. आला तो एक किडकिडीत माणूस, इस्त्रीचा फिकट शर्ट, हातांची कातडी पांढुरकी आणि सोललेली. त्यानं आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांनी त्याचे हात बघितले आणि त्याला आपल्या बाजूला बसवलं.

बोलणं सुरू झालं. कार्यालय कुठलं, मानपान काय, आचारी कोण. मंदाक्का चहाचा ट्रे घेऊन गेली, ट्रे ठेवला, आणि आत आली नाही. तिथंच उभी राहिली. मग दत्तात्रयला म्हणाली, “एक विचारायचं होतं. माझा पासपोर्ट कधी काढायचा?”

आबा हसले. “बगा, पोरीला किती घाई.”

दत्तात्रयनं कप खाली ठेवला. “कसला पासपोर्ट?”

“तिकडं यायला लागेल ना.”

तो वडिलांकडं वळला. “दादा, तुमी सांगितलं न्हाई ह्यांना?”

“काय सांगायचंय त्यात,” सदाशिवराव म्हणाले. “लग्न झाल्यावर कळतंच की मानसाला.”

“मी फोनवर बोललो व्हतो. आधी सांगा म्हनलो व्हतो.” मग तो मंदाक्काशी बोलू लागला, सावकाश, त्या टेपमधल्याच आवाजात. “तिकडं बायकोला नेता येत न्हाई. आमच्यासारख्याला तशी परवानगी मिळत न्हाई. मी लाँड्रीत हाय. मोठी लाँड्री. हॉस्पिटलच्या चादरी येतात, हाटेलांचे टॉवेल येतात. आमी सगळे एका खोलीत झोपतो, पाळीपाळीनं. माझा सोताचा पासपोर्टबी मालकाच्या कपाटात असतो. मागितला तरी देत न्हाई.”

“मग लग्नानंतर मी कुठं राहायचं?”

“शिरूरला. आईजवळ. मी दोन वर्सांनी येतो एकदा.”

आबांचा चेहरा तांबडा झाला. “पाव्हणं, तुमी तर अब्रॉड म्हनला व्हता.”

“मग काय खोटं बोललो?” सदाशिवराव शांत होते. “पोरगा अब्रॉड हाय का न्हाई? हाय. सून अब्रॉड जाईल असं मी कवा म्हनलो? तुमीच म्हनत व्हता, आन् मी आपली मान हालवत व्हतो.”

आणि ते खरं होतं. शब्द त्यांनी आणला होता, त्यात विमान, मोटार आणि बिनधुळीचं वाळवंट आबांनी भरलं होतं. एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल की आबा उठून उभे राहतील. आबा काय म्हणाले ते मी शब्दशः सांगते, कारण त्यांच्याविषयी माझं मत त्या क्षणी कायमचं ठरलं. ते म्हणाले, “असू द्या, असू द्या. नवरा अब्रॉड हाय म्हंजी झालंच की. लोकांना सांगायला तेवढं बास हाय.”

मंदाक्कानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती दत्तात्रयलाच म्हणाली, “तुम्ही तिकडं असाल तोवर मी नर्सिंग शिकते. पुण्याला हॉस्टेल आहे. तुम्ही कायमचे परत आलात की संसार करू. मला चालेल. तुम्हाला?”

“मला चालंल,” तो म्हणाला. लगेच म्हणाला, विचार न करता. दोघं एकमेकांकडं बघत होते, आणि मला वाटतं त्या सबंध प्रकरणात लग्नासारखं काही झालं असेल तर ते तेवढंच.

“आमाला न्हाई चालनार,” सदाशिवराव म्हणाले. “आमची सून बाहेर राहनार? लोकांची हागरी भांडी उचलनार? शिरूरात नाव हाय आमचं.”

“दादा,” दत्तात्रय म्हणाला, “मी त्याच चादरी धुतो. हागलेल्या. रक्ताच्या. मशिनीत टाकायच्या आधी हातानं झाडून घ्याव्या लागतात.”

“ते तिकडं. तिकडं कोन बगतंय?”

बाहेर शंटिंग चाललं होतं, फळीवरची ताटं किणकिणत होती, आणि आज आई हात वर करायला विसरली होती. आप्पा जागेवरून उठले. मला वाटलं नेहमीसारखे थोरल्या भावापुढं उभे राहताहेत. ते म्हणाले, “आबा, पोरगी पुण्याला जाईल.”

“आन् लगीन?”

“शिकून झाल्यावर. ह्यांना थांबायचं असंल तर ह्यांनी थांबावं.” मग सदाशिवरावांना म्हणाले, “चहा निवतोय. घ्या.”

सदाशिवरावांनी चहा घेतला नाही. मंदाक्कानं अंगठी काढून ट्रेमध्ये त्यांच्या कपाजवळ ठेवली, आणि त्यांनी ती उचलून रुमालात बांधली. दत्तात्रय दारात थांबला, “येतो” म्हणाला. ती म्हणाली, “हातांना खोबरेल लावत जा.” तो बापाच्या मागं निघून गेला. बापाला सोडून येईल असं मला त्या वयात वाटलं होतं. तो आला नाही. ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असतो त्याच्याकडून किती अपेक्षा करायची, हे मला पुढं कळलं.

बातमी दोन दिवसांत दौंडभर झाली, वरवंडला पोचली, कवठ्याला पोचली. मिस डॉरिनच्या आजीच्या अर्थानं ती पुरती अब्रॉड झाली. नळावरच्या बायकांनी मंदाक्काला पुन्हा रांगेत शेवटी उभं केलं. तेच लोक, ज्यांनी टेपरेकॉर्डरला हात जोडले होते, आता सांगू लागले की आम्हाला आधीच वाटलं होतं, आवाज कसा धोब्यासारखा येत होता. धोब्यासारखा आवाज म्हणजे कसा, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

दत्तात्रयचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. त्याच सुट्टीत त्याचं लग्न दुसरीकडं झालं, फेरी वाया जाऊ नये म्हणून. त्याची बायको शिरूरला सासूचे गुडघे चोळत राहिली. मी शिरूरला नोकरीला आले तेव्हा ती मला रविवारी फोनच्या बूथवर दिसायची, केस विंचरून, लेकीला नवा फ्रॉक घालून. सदाशिवराव दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कापड फाडता फाडता सांगायचे की पोरगा अब्रॉड असतो, आणि मरेपर्यंत सांगत राहिले. दत्तात्रय कायमचा परतला तो खोकला घेऊन. आता भाजी बाजारात कधी भेटतो. तिकडचं काही बोलत नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन विचारतो, “मंदाबाई बऱ्या हायत ना?” मी म्हणते, बरी आहे. ती सरकारी दवाखान्यांतून सबंध जिल्हा फिरली, वॉर्ड सांभाळले, उशिरा आणि स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, आणि आता वरवंडला शेजारपाजारच्यांची ड्रेसिंग फुकट करत बसते. तिचा मुलगा म्हणतो, आई, आता आराम कर. ती ऐकत नाही.

तर लग्न मोडल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि जून उजाडता मंदाक्का पुण्याला गेली. आप्पांनी शेडमधून सुट्टी काढली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, आणि तिची ट्रंक स्वतः डोक्यावर घेऊन स्टेशनवर नेली. हमाल त्यांच्या ओळखीचे होते, ते हसत मागं आले. गाडी सुटल्यावर आप्पा तडक शेडमध्ये गेले, सुट्टी असूनही.

त्यानंतर आबा बरेच दिवस आले नाहीत. मग एका दुपारी आले, वांग्यांची पाटी घेऊन. खुर्चीवर बसले. आप्पा कामावर होते. आबांनी इकडचं तिकडचं केलं, पाणी प्याले, आणि शेवटी मनातलं बोलले. कवठ्यात लोक विचारतात, मंदी कुठं हाय. लोकांना सांगायचं काय? मावशीकडं गेली म्हनावं का? का आजारी हाय म्हनावं? हे ते मला विचारत होते, पण आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं.

माझी आई आजवर आबांशी समोरून बोललेली नव्हती. थोरल्या दिरापुढं ती दाराआड असायची, निरोप आमच्या तोंडून जायचा. त्या दिवशी तिच्या भाकरी थापायचा आवाज थांबला. पदर डोक्यावर होता, हातांना पीठ होतं, आणि ती दारात येऊन उभी राहिली.

“पुण्याला हाय म्हनावं,” ती म्हणाली. “बाहेर राहती. शिकती.”

आणि आत जाऊन पुन्हा भाकरी थापू लागली. आबा जेवायला न थांबताच उठले. पाटी मात्र ठेवून गेले. आईनं संध्याकाळी ती वांगी शेंगदाण्याचं कूट घालून भरली, आप्पांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि मीही पोटभर खाल्ली.